नानाला वाढदिवसाचं ग्रीटिंग

माझा जलम गुंजवण्याच्या खालच्या अंगाला एका वाडीत झाला, ती वाडी आता पाण्यात हाय. धरणाच्या पाण्यात. भाताची खाचरं व्हती आमची, लई न्हाई, पण घरापुरता भात निगायचा, ती गेली, घर गेलं, आणि बा माझा दाखल्याच्या मागं हिंडत राहिला. धरणग्रस्त असल्याचा दाखला ओ, त्यो असला म्हंजी दुसरीकडं जमीन, न्हाईतर पोराला नोकरी, असं सांगायचे. आज वेल्ह्याला जा, उद्या भोरला जा, परवा पुण्याला जा. चपला झिजल्या बाच्या, पण दाखला काय हातात आला न्हाई. हे आदी सांगून ठेवते ताई, कारण म्होरं जे झालं ते ह्या दाखल्यापायीच झालं. तुमी लिवून घेताय नव्हं? घ्या. माझं नाव घातलं तरी चालंल. त्याचं खरं नाव नका घालू, नुसतं नाना म्हणा, न्हाईतर तुमालाच तरास दिल त्यो.

सासर माझं विंझरच्या अलीकडं, बौद्धवाड्यात घर, पण आमचं मालक भोरात खोली घिऊन राहायचं, शिक्के करायचं. रबरी शिक्के. हेडमास्तराचा, सोसायटीचा, दवाखान्याचा, समद्यांचा. शिशाचे खिळे, म्हंजी छापखान्यातली सुटी अक्षरं, जुळवायचे, त्याचा साचा काढायचा, साच्यात रबर तापवून दाबायचं आणि मंग लाकडी मूठ चिकटवायची. घरभर जळक्या रबराचा वास, पहिल्यांदा मला मळमळायचं, मंग असं झालं की त्यो वास आला न्हाई तर करमंना. आणि मालकांची एक खोड व्हती बगा. शिक्का झाला की पहिला ठसा कागदाव न्हाई मारायचं, आपल्या डाव्या तळहाताव मारायचं. म्हणायचं, हाताला सुरकुत्या असत्यात, रेघा असत्यात, हितं अक्षार सरळ उटलं तर कागदाव उटणारच. त्यामुळं डावा हात कायम जांभळा, साबणानं घासला तरी जायचा न्हाई. भाकरीला बसलं की मी इचारायची, आज कोण जेवतंय, हेडमास्तर का डाक्टर? हसायचं. लई शांत माणूस व्हता, काय सांगू तुम्हाला, आवाज चढवून बोलल्यालं मला आठवत न्हाई.

तर शिक्केवाल्यांचा एक नेम असतो. सरकारी हापिसाचा शिक्का करायचा म्हंजी हापिसाची चिठ्ठी लागती, सायबाच्या सहीची. चिठ्ठी न्हाई तर शिक्का न्हाई. मालक ह्यात लई कडक, एकदा एक पोलीसपाटील आलता तर त्यालासुदिक माघारी धाडला व्हता. पण नाना आला. नाना आमच्याच गावचा, शाळंत ह्यांच्या शेजारी एका पाटाव बसल्याला, तवा हिकडंतिकडं हापिसातनं लोकांची कामं करून द्यायचा. म्हणला, गौतम, हापिसाचा शिक्का झिजलाय, सायबांनी मला सांगितलंय, चिठ्ठी उद्या आणून देतो. झालं. गावच्या माणसाला कागद मागायचा म्हंजी त्याला तोंडाव चोर म्हणायचं, असं ह्यांना वाटलं. दुसऱ्या कुणाला वाटलं नसतं ओ, ह्यांना वाटलं. करून दिला शिक्का. चिठ्ठी काय आली न्हाई, आणि ह्यांनी मागितली बी न्हाई.

त्या शिक्क्याव नानानं काय केलं, तर धरणग्रस्ताचे खोटे दाखले वाटले. ज्यांचं एक ढेकूळ बुडालं न्हाई अशा लोकास्नी. माझा बा खऱ्याला हिंडत व्हता, आणि त्याच्या हक्काचा कागद आमच्याच खोलीत तयार झाल्याल्या शिक्क्यानं दुसऱ्याच्या नावाव निगत व्हता, आणि मी त्याच खोलीत भाकऱ्या थापीत व्हते. मला काय म्हाईत? मंग वरून चौकशी लागली. नानाला आदी कळली, त्याचं हापिसात समद्यांशी बसणंउटणं. त्या दिशी सकाळी आला, म्हणला पयला शिक्का कुठंतरी पडला, गावंना, घाईनं दुसरा कर. मी चा केला त्याला. आलं घालून केला, मला अजून आठवतंय. चा पिला, शिक्का खिशात घातला, वैनी येतो म्हणला. आणि दुपारी पोलिसाची गाडी आली. नानानंच फिर्याद दिली व्हती. हा बघा बोगस शिक्का, म्या पकडला, करणारा फलाणा हाय. सायेब म्हणलं, हात दाखव. ह्यांनी दाखवला. उलटा करून तळवा आपणहून दाखवला, लपवायचं काय हे त्यांना ठावंच नव्हतं. ठसा ताजा व्हता.

पुढचं काय सांगायचं. केस चालली, लई चालली, शेवटी सुटलं मालक, पुरावा पुरत न्हाई म्हणून. पण तवर दुकान गेलं, खिळे गेले, साचे गेले. आणि सुटला म्हणून कोण मानतंय? लोक म्हणले, देऊन सुटला आसंल. माझा भाऊ येऊन दारात उभा राहिला आणि म्हणला, तुझ्या नवऱ्यानं आमच्या ताटातलं खाल्लं. बा तर त्यानंतर माझ्या घरचं पाणी प्याला न्हाई, तसाच गेला. मातीला गेले तर बायका बाजूला सरकल्या. मालकांनी मंग पानशेतला एका बंगल्याव राखणदारी धरली, पुण्याची लोकं शनवार-रविवार येत्यात त्या बंगल्याव. तिथं गेटाव खुर्ची टाकून बसायचं, डावा हात कायम खिशात. शाई कवाच गेली व्हती, तरी खिशात. त्याच खुर्चीत एका दुपारी बसल्याबसल्या गेलं. आणि नाना? त्यानं बोगस दाखल्याचं परकरण उघडकीला आणलं म्हणून त्याचं नाव झालं, सरपंच झाला, म्होरं पुढारी झाला, पांढरी गाडी आली.

आता ग्रीटिंगचं सांगते. गावाकडं परत आले तवा माझ्यापाशी मालकांचं काय उरलं व्हतं, तर एका पिशवीत रबराचे तुकडे, लाकडाच्या मुठी आणि जांभळ्या शाईचं पॅड. बाकी पोलिसांनी नेल्यालं. सुजाता माझी लेक तवा शाळंत, तिला बाईंसाठी ग्रीटिंग करायचं व्हतं, विकत आणायचं न्हाई, हातानं करायचं, असं शाळंत सांगितल्यालं. म्या म्हणलं बघू, आणि दाढीचं ब्लेड पाण्यात बुडवून रबराव पिंपळपान कोरलं. ओल्या ब्लेडानं रबर लोण्यासारकं कापतं, हे ह्यांचं बघून ठावं व्हतं. पान उटलं कागदाव, शिरा न शिरा उटली. मी रडले तवा. मंग हात थांबलाच न्हाई. कारवीचं फूल कोरलं, भाताची लोंबी कोरली, राजगड कोरला. नक्षीचा कागद कुठनं आणायचा, तर लगनाच्या पत्रिका, साडीच्या खोक्यातला कागद, मिठाईच्या खोक्यावरला सोनेरी, लोक रद्दीत टाकत्यात ते मी मागून आणते, बारीक कापते, किनार करते, आणि मधी ठसे. न्हाईच मिळाला तर बारक्या पानाचा ठसा सगळीकडं मारून आपलाच नक्षीचा कागद करते. आता रविवारी गुंजवण्यात बसते, गड चढाय आल्याली पोरंपोरी घेत्यात. बुद्धपौर्णिमेला, जयंतीला तर गावोगावचं मागणं असतं. पोट चाललं. पण ताई, खरं सांगू का, पोटासाठी सुरू केलंच नव्हतं म्या. पोरीचं ते ग्रीटिंग वाळत घातलं व्हतं आणि तवाच माझ्या डोक्यात नाना आला.

नानाचा वाढदिवस आमच्या चौकात असतो. फ्लेक्स लागत्यात, त्याचा ह्यो येवढा फोटो, खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं, स्पीकर, केक, टोप्या, शाली. म्या एक ग्रीटिंग केलं. वरनं लई देखणं, सोनेरी किनार, कारवीची फुलं, लांबनं बघितलं तरी डोळ्यात भरावं असं. आणि आत एक तळहात कोरून उटवला. जांभळ्या शाईत, डावा तळहात, मधोमध गोल शिक्का. शिक्क्यात अक्षार एक न्हाई. अक्षार असलं तर त्यो चौकीत घिऊन जाईल, हाताच्या चित्राला कोण काय करणार? नवी साडी नेसले आणि लाईनीत उभी राहिले. लोकांनी वाट दिली मला, नाना हसत व्हता, ग्रीटिंग उघडलं आणि त्याचं तोंड मावळलं. शेजारचा म्हणला, काय हाय ओ नाना? त्यो म्हणला, काय न्हाई, वैनीचा आशीर्वादाचा हात हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणलं, व्हय नाना, तुमच्या मित्राची आठवण म्हणून आणलंय. त्या दिशी मी पोटभर जेवले, किती दिसांनी जेवले.

मंग दरसाल. दरसाल नवा हात कोरते, जुना ठसा वापरत न्हाई. लोक काय म्हणत्यात ठावं हाय का? म्हणत्यात, बाई बघा किती मोठ्या मनाची, नवऱ्यानं येवढा घोटाळा केला, ह्यानं पकडून दिला, तरी मनात काय ठेवलं न्हाई तिनं. मी ऐकून घेते. मोठं मन! ग्रीटिंग करताना ब्लेड कसं चालवते ते बघाय पायजे त्यांनी. एका साली त्यानं माणसं उभी केली, म्हणली द्या हिकडं, आमी पोचवतो. म्या म्हणलं, हातात देणार. एका साली त्यानं वाढदिवस गावात केलाच न्हाई, पानशेतला कुणाच्या फार्महाऊसव केला, तर मी यष्टीनं पानशेतला गेले. मला तिथला रस्ता कुणी सांगाय नको. माझं एकच म्हणणं व्हतं आणि अजून हाय, ज्या चौकात माझ्या माणसाला चोर म्हणलं त्या चौकात त्यानं वाढदिवसाच्या माईकवरनं सांगावं की गौतमनं काय केलं नव्हतं, समदं मी केलं. माफी नको मला. नुसतं सांगावं.

मागल्या उन्हाळ्यात त्याची बायको आली माझ्याकडं. गाडी वर रस्त्याव ठेवली आणि चालत आली, दम लागल्याला. नानाचं काळजाचं ऑपरेशन झालंय, हे मी ऐकलं व्हतं. बसली, पाणी प्याली, आणि म्हणली, वाढदिवसाचा म्हयना लागला की ते जेवत न्हाईत, दचकून उटत्यात, आता मला समदं सांगितलंय त्यांनी, तुमी ते हात द्यायचं बंद करा, मी पाया पडते. खरंच पडाय लागली, म्या धरली तिला. ती बाई काय वाईट न्हाई, तिचं दुःख मला दिसत व्हतं. म्हणली, ते सोता आल्यात, गाडीत बसल्यात, तुमच्यापाशी बोलणार हायत.

गेले मी वर. काच खाली केली त्यानं. वाळल्याला, गालफाडं बसल्याली, ज्याला चौकात बघायची त्यो ह्योच का असं वाटावं. हिकडंतिकडं बघितलं, आणि लई बारीक आवाजात म्हणला,

वैनी, गौतमची चूक नव्हती. शिक्का मीच करून घेतला आणि मीच पकडून दिला.

ताई, ह्या येवढ्या शब्दासाठी किती वरसं मी रबर कोरत व्हते. गाडीला हात लावून उभी राहिले. डोळ्यात पाणी आलं, ते बी पुसलं न्हाई. येक घटका वाटलं, सोडावं, झालं, म्हातारा झालाय त्यो, मी बी म्हातारी झाले. समोर यष्टीच्या थांब्याव आमच्या गावची माणसं बसली व्हती, माझा भाऊ बी व्हता त्यांच्यात, पाठ करून बसल्याला. म्या तिकडं बोट केलं आणि म्हणलं,

नाना, मला काय सांगताय, मला आदीपास्नं ठावं हाय. त्यांना सांगा.

त्यानं त्यांच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. आणि काच वर केली. गाडी गेली. बायको त्याची मागं वळूनवळून बघत व्हती, मी काय हात हलवला न्हाई.

त्या साली बी ग्रीटिंग दिलं म्या. शाल पांघरून खुर्चीत बसवला व्हता त्याला, त्यानं उघडलं न्हाई, मांडीव ठेवलं. ह्या सालचं आता कोरायला घेतलंय, हे बगा, आंगठा झालाय, बोटं बाकी हायत. सुजाता म्हणती, आई, बास कर आता, जीव घेशील त्याचा. तिला बी कळत न्हाई. गावात त्याच्या मरणावर टपल्याली लई हायत, त्याच्या खुर्चीव डोळा ठेवून, फ्लेक्सवर बारक्या फोटोत हसत्यात ती समदी. त्याचं आयुक्श मनापास्नं मागणारी मी एकटी हाय. रोज सकाळी वंदना करते, वंदनेत काय मागायचं नसतं, मला म्हाईत हाय, तरी मागते. त्याचं काळीज नीट चालू दे म्हणते, त्याला औषिद लागू पडू दे, अन्न गोड लागू दे. शंभर वरसं जगू दे नानाला, आणि लागलीच तर वर माझी बी घे म्हणते, पण त्या माईकपुढं तोंड उघडल्याबिगर त्याला मरण दिऊ नको.