कासारीण काकूंचा अंगठा

हाडांच्या दवाखान्यात दीप्ती मांडीवर एक्स-रे घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत होती. समोरच्या बाकावर एका बाईने शेजारच्या म्हातारीला ओळखलं.

"कासारीण काकू, मी मिनल! परवा महालातल्या बाजारात गेली होती, तर तुमचं दुकानच नाही!"

"आता तिथं मोबाईलचे कव्हर विकून राहिले, बाई. बांगड्या घरपोच डब्यात येतात. दुकानात कोण येते?"

"मी आली होती ना! रविवारी माझ्या पिंकीचं लग्न आहे. डब्यातल्या चढवता चढवता दोन पिचल्या, पोरगी रडून राहिली. तुम्ही घरी येऊन चुडा भरा."

"हा अंगठा पाहून राहिली न? वळतच नाही. दुसरी पाह्य वं कोणी."

"दुसरी कोण? माझ्या लग्नात मीही रडत होती. तुम्ही नवरदेवाच्या मिशीची अशी मस्करी केली, का चुडा कधी भरून झाला, समजलंच नाही."

"मिशी होतीच तशी! झाडूवानी."

"अजून आहे, काकू."

दोघी हसत असतानाच आतून पुकारा झाला, "रुखमाबाई!" म्हातारी उठली, तशी मिनल तिच्या पाया पडली.

"अवं, नमस्कार चुडा भरल्यावर करतात. पिंकीचा अजून भरला कुठं?"

"हा माझ्या चुड्याचा, काकू. तेव्हा हसता हसता राहूनच गेला."

रुखमाबाईने डोळ्यांना पदर लावला आणि दारातूनच आवाज दिला, "डॉक्टरसाहेब, हा अंगठा रविवारपर्यंत चालता करून द्या. लग्नघरी काम आहे मले."