सारजाबाईची भाची

सारजाबाई : आदी च्या पी. मग सांगते.

मानसिंग : काल विडीच्या खात्यातनं आल्यापासनं तू "मग सांगते" म्हणालीस, आत्या. मुनीम गैबीसाबनं पगार दिला का न्हाई?

सारजाबाई : न्हाई दिला.

मानसिंग : आणि बोनस?

सारजाबाई : त्योबी अडकवला.

मानसिंग : का? आपल्या विड्यांत छाट निघाली? मी एकेक कट्टा बघून बांधला होता.

सारजाबाई : छाट निघाली असती तर बरं झालं असतं की! एक विडी बाजूला काडली न्हाई मेल्यानं. समद्या फुड्यात वतल्या, एक उचलली, डोळ्याजवळ धरली, आन् म्हनतो कसा, "सारजाबाई, वीस साल झाले, मी तुमची विडी बघतो. तुमची विडी मधी पोटात फुगते. ही फुगत नाही. ही तुमच्या हाताची नाही."

मानसिंग : सहा महिन्यांनी कळलं का त्याला?

सारजाबाई : पयल्या हप्त्यातच कळलं हुतं म्हनं. गप बसला हुता. आता वरनं सायेब येनार हायत तपासनीला. कार्ड माजं, हात दुसऱ्याचा, हे चालत न्हाई. "जी कोण वळते तिला उद्या समोर बसवा, न्हाईतर कार्ड रद्द," म्हनला. कार्ड गेलं की मी काय खाऊ, सांग. नवरा जाऊन बारा वर्सं झाली, त्या कार्डावर दिवस काडले मी.

मानसिंग : थांब. "जी" वळते म्हणाला? "जो" न्हाई?

सारजाबाई : च्या गार व्हालाय बघ.

मानसिंग : आत्या, तू त्याला काय सांगितलंस?

सारजाबाई : म्हनलं, भाची वळती.

मानसिंग : भाची!

सारजाबाई : निगून गेलं रं तोंडातनं! मैंदर्गीवरनं भावाची पोरगी आलीया म्हनलं. आमच्या खात्यात चाळीस बाया, वळनारा बाप्या एक न्हाई. भाचा वळतो म्हनले असते तर बायांनी खिदळून घर डोक्यावर घेतलं असतं.

मानसिंग : आणि आता कोण हसणार न्हाई? वर्गात सर हजेरी घेतात. माझं नाव आलं की मागच्या बाकावरनं कोणीतरी बाईचा आवाज काढून "हजर" म्हणतं. चार वर्षं ऐकालोय मी. घरात तरी कोणी म्हणत नव्हतं. आता घरातबी झालं.

सारजाबाई : चुकलं माजं. मार मला दोन.

मानसिंग : मारायचं काय त्यात.

सारजाबाई : माजं ध्यान तुज्या पैशाकडंच हुतं रं. बिस्तरवारी तुजं आपरेशन, आन् उरल्याले पैशे उद्या भरायचं. पगार आन् बोनस मिळून बराबर व्हत हुते. म्हनून घाबरले.

मानसिंग : न्हाई भरले तर ही तारीख जाणार, आणि डॉक्टर दोन महिने पुण्याला जाणार. मग कॉलेज सुरू. मग परत एक वर्ष ह्या जाकिटात.

सारजाबाई : आनि सरकारी दवाखान्यात परत एकदा इचारून बघितलं तर?

मानसिंग : विचारलंय की. ते म्हणाले, हा आजार न्हाई. काही पोरांची छाती वयात येताना अशी वाढते, बऱ्याच जणांचं आपोआप जातं, तुझं राहिलं. जिवाला धोका न्हाई, म्हणून ऑपरेशनला नंबरबी न्हाई. खोटं काय न्हाई बोलले. करायचं तर आपल्या खुशीनं, आपल्या पैशानं.

सारजाबाई : तुजा बा रावजी तर म्हनतोच, दुकत न्हाई तर कापायचं कशाला.

मानसिंग : दादांना काय होतंय म्हणायला. दुष्काळी कामावर खडी फोडताना ते उघडेच होते.

सारजाबाई : आन् तू दोन सदरं घालून. चक्कर येऊन पडलास, त्ये ध्यानात हाय माज्या. बरं, एक इचार आलाय. शेजारची आमिना हाय न्हवं? तिलाच भाची म्हनून न्यावं. तिला वळाया येतंय.

मानसिंग : आमिनाची विडी तोंडाला सैल असते. एका विडीत कळेल त्याला. ज्या माणसाला तुझं फुगलेलं पोट कळतं...

सारजाबाई : माजं न्हवं, विडीचं.

मानसिंग : तेच की. आमिना नको. मी येतो.

सारजाबाई : कुटं?

मानसिंग : खात्यात. सुपासमोर बसून वळतो.

सारजाबाई : अरं, चाळीस बाया बसत्यात तितं! तू बायांफुडनं पानी आनाया जात न्हाईस.

मानसिंग : कार्ड तुझं जातंय, आत्या. आणि पैसे माझे जातायत. चल, ऊन वाढायच्या आत जाऊ.

* * *

गैबीसाब : या, सारजाबाई, या. भाची कुठं आहे? बाहेर का उभी केली? लाजते का?

सारजाबाई : बाहीर न्हाई, सायेब. ह्यो काय फुड्यात.

गैबीसाब : हा? हा तर पोरगा आहे.

सारजाबाई : भावाचाच हाय. भाची न्हाई, भाचा. म्या खोटं बोलले.

गैबीसाब : या अल्ला! ए, गप बसा गं तिकडं! हसायला काय झालं? चन्नम्मा, तू पयले तोंडावरचा पदर काढ, हसतीस ते दिसतंय मला. नाव काय रे तुझं?

मानसिंग : मानसिंग. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

गैबीसाब : कॉलेजवाला! आणि सहा महिने ह्या विड्या तू वळल्या? बाबा, मी तीस साल ह्या धंद्यात आहे. मला बनवू नको.

मानसिंग : सूप द्या. पानं द्या. बसतो.

गैबीसाब : असं? बरं. चन्नम्मा, सरक जरा. ही आपली सगळ्यांत वेगाची बाई. तिच्या बाजूला बस. दोघांना सारखी पानं, सारखी तंबाखू. एक कट्टा, पंचवीस विड्या. माझं घड्याळ हे इथं ठेवतो. पण मे महिन्यात हे काय घातलंस? बाही तंबाखूत बुडते बघ. काढ ते जाकीट.

मानसिंग : राहू दे, साहेब.

गैबीसाब : राहू दे कसं? कोपर हलणार नाही तुझं.

सारजाबाई : सायेब, त्येला थंडी वाजती.

गैबीसाब : सोलापुरात? मे महिन्यात?

मानसिंग : आत्या, जाऊ दे. काढतो.

(मानसिंगचा हात वरच्या बटणाशी थांबतो. चारचौघांत हे जाकीट त्याने चार वर्षांत एकदाही काढलेलं नाही. अंगात आत फक्त पातळ सदरा आहे, तोही घामाने चिकटलेला. खोलीत कुणीतरी फिसकन हसतं. तो एकेक करत सगळी बटणं सोडतो, जाकीट आत्याच्या हातात देतो आणि सूप मांडीवर ओढून घेतो.)

गैबीसाब : हां. चला, सुरू! चन्नम्मा, बोलू नको, हात चालव. अरे... अरे, हा तर पानाकडं बघतसुद्धा नाही. धीरे बाबा, घाई नक्को, तोंड नीट दाब.

सारजाबाई : दाबतोय त्यो. तुमी त्याला बोलाया लावू नगासा.

गैबीसाब : मी कुठं बोलतो? दहा झाल्या? चन्नम्मा, तुझ्या किती? नऊ? बघ बाई, इज्जतीचा सवाल आहे. ए, तुम्ही सगळ्या उठून कशाला आल्या? जागेवर बसा! उजेड सोडा तरी त्याचा!

सारजाबाई : मानसिंगा, सूत वढून घे. हां. शाब्बास.

गैबीसाब : सारजाबाई, तुम्हीच आता गप बसा. सतरा. अठरा. बोटं आहेत का काय आहेत ही!

मानसिंग : झालं, साहेब.

गैबीसाब : झालं? पंचवीस?

मानसिंग : मोजा.

गैबीसाब : चन्नम्मा, तुझ्या? तीन राहिल्या! या अल्ला. थांबा, थांबा, ओरडू नका गं. मला बघू दे. ही ठीक. ही ठीक. ही... हीपण ठीक. एक छाट नाही. हाच हात. हीच विडी सहा महिने माझ्या टेबलावर येते. चन्नम्मा कन्नडात काय म्हणते रे? तुला मैंदर्गीचं म्हणजे कळत असेल.

मानसिंग : म्हणते, "ह्याचा हात बघा, हात." तेवढंच.

गैबीसाब : बरोबर बोलली. आता खरं सांग. शिकलेला पोरगा, मास्तरकी करशील, बँकेत जाशील. विड्या कशाला वळतोस? बापानं फी दिली नाही?

मानसिंग : फी दिली. मला ऑपरेशनला पाहिजेत पैसे. छातीच्या.

गैबीसाब : छातीच्या? टीबी?

मानसिंग : न्हाई. रोग काही न्हाई. हे... आता तुम्हांला दिसतंयच की. सगळ्यांना दिसतंय. आत गाठी आहेत, त्या काढायच्या. उद्या पैसे भरायचेत.

गैबीसाब : हां. दिसलं मला. जाकीट काढलं तेव्हा दिसलं, खोटं कशाला बोलू. पण बेटा, पयल्या चार-पाच विड्या झाल्या आणि मी विसरलो. ह्या चाळीसजणी काय बघत होत्या ते विचार त्यांना.

सारजाबाई : सायेब, मग माजं कार्ड?

गैबीसाब : एका कार्डावर दोन हात चालणार नाहीत, सारजाबाई. नियम म्हणजे नियम.

सारजाबाई : सायेब!

गैबीसाब : पूर्ण ऐका तर. तुमचं कार्ड तुमच्या हाताला. ह्याच्या हाताला नवीन कार्ड. आमच्या खात्यात पयला पुरुष, वरचे साहेब विचारतील, त्यांना हा कट्टा दाखवीन. पगार, बोनस, दोन्ही आत्ता घेऊन जा. पोरा, नाव सांग पूर्ण. मोठ्यानं सांग, मागं बसल्या त्यांनाही ऐकू जाऊ दे.

मानसिंग : मानसिंग रावजी घाडगे.

* * *

सारजाबाई : जाकीट घाल की. भर रस्त्यात काकंत मारून चाललास.

मानसिंग : उकडतंय.

सारजाबाई : मानसिंगा, एक इचारू? रागावू नगंस.

मानसिंग : विचार.

सारजाबाई : चाळीस बायांफुडं बसलास. चन्नम्माला हरवलंस, ती आजपातूर कुनाला हरली न्हवती. सदऱ्यावर रस्त्यानं चाललास. मग आता कापायचं कशाला? त्या पैशात एक चांगली सायकल येती.

मानसिंग : मीबी तेच म्हणालोय मनाशी, मघापासनं.

सारजाबाई : मग?

मानसिंग : आजवर मला वाटायचं, लोकांच्या लाजेनं करालोय. आज लाज गेली. जाईल असं वाटलं नव्हतं, पण गेली, खरंच. तरी आत विचारलं तर उत्तर तेच येतंय. आंघोळीला बसतो तेव्हा तिथं वर्ग नसतो, बाया नसतात. मीच असतो. आणि मला ते माझं वाटत न्हाई, आत्या. मला नको हाय.

सारजाबाई : नुसतं नगं वाटतंय म्हनून?

मानसिंग : नुसतं नको वाटतंय म्हणून. लोकांसाठी असतं तर आता सायकलच घेतली असती.

सारजाबाई : मग हिकडं कुटं वळालास? घर तिकडं हाय.

मानसिंग : दवाखाना इकडं हाय.

सारजाबाई : उद्या भरायचं हायत की पैशे.

मानसिंग : उद्यापर्यंत कशाला थांबायचं?

* * *

सारजाबाई : हात वर करू नगंस म्हनले डाक्टर! कितीदा सांगायचं?

मानसिंग : ते टाके होते तोवर. टाके सकाळीच काढले की.

सारजाबाई : बघू. अगं माजी बया, काय न्हाईच की रं! बारीक रेगूटी हाय नुसती. दुकतंय?

मानसिंग : ओढल्यागत होतंय. तू रडालीस का?

सारजाबाई : मी कशाला रडू? तंबाखू हाय हातात, डोळ्याला लागली. त्ये रावजीचं पत्र आलंय न्हवं, वाच की.

मानसिंग : दादा लिहितात, "कापण्याचे कारण मला अद्याप समजले नाही. परंतु तू स्वतः कमावून केलेस, तेव्हा मी बोलणारा कोण. कडबा विकण्यास सोमवारी सोलापुरास येत आहे. बघून जाईन. शेंगा आणतो."

सारजाबाई : शेंगा आनतोय म्हंजे राग गेला. आन् गैबीसाबचा निरोप हाय, चन्नम्मा रोज इचारती म्हनं, त्यो पोरगा कदी येतोय. परत एकदा बसायचं हाय तिला तुज्यासंगं, घड्याळ लावून.

मानसिंग : पंधरा दिवस थांब म्हणावं. मग परत हरवतो.

सारजाबाई : लई शानपना आलाय अंगात! घाम बघ किती सुटलाय. थांब, सदरा देते, मग दार उगडते. भाईर नळाला पानी आलंय, समदी गल्ली जमलीया.

मानसिंग : सदरा नको.

सारजाबाई : अरं, आमिना हाय तितं, तिची आई हाय, खात्यातल्या चार बाया हायत...

मानसिंग : असू देत. वारा तिकडनंच येतो. दार उघड, आत्या.