टाचेवरचा डाग

काकू, समोर बसलेली ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, आणि सरांच्या हाताखाली शिकलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो. बोलायला जड जातंय. आज इथे प्रत्येकाने असंच म्हणून सुरुवात केली आणि मग पंधरा-पंधरा मिनिटं छान बोलले. मी छान बोलणार नाहीये.

मी रोहिणी. सरांची शेवटची फेलो. एमडी झाल्यावर त्वचेच्या कॅन्सरची सर्जरी शिकायला मी विठ्ठलवाडीहून रोज ठाण्याला सरांकडे यायचे. सर एक थर काढायचे, तो लगेच मायक्रोस्कोपखाली बघायचे. कड स्वच्छ नसेल, म्हणजे कडेला कॅन्सर उरला असेल, तर पुन्हा एक थर. पेशंट बाहेर पट्टी बांधून बसलेला. कितीही उशीर होवो, कड स्वच्छ झाल्याशिवाय टाका नाही. हा सरांचा नियम. त्याबद्दल तुम्ही सगळे बोललात, आणि खरं तेच बोललात. असा हात मी पुन्हा बघणार नाही.

सरांचा दुसरा नियम मात्र कुणी सांगितला नाही. न विचारता बोलायचं नाही.

माझा टाका वाकडा गेला की सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "हा विठ्ठलवाडीचा हात." तुम्ही हसायचात. मीही हसायचे. काय करणार?

एकदा मोहने गावाहून एक आजी आलेल्या. त्यांच्या तळपायावर काळा डाग होता. सरांनी विचारलं नव्हतं, तरी मी बोलले, "सर, याचा तुकडा तपासायला पाठवू या." पाठवला. काही निघालं नाही, नुसतं साकळलेलं रक्त. सरांनी मला सगळ्यांसमोर आजींची माफी मागायला लावली. वर म्हणाले, "हिला काळं दिसलं की कॅन्सर दिसतो." आजी म्हणाल्या, "जाऊ दे रे डाक्टर, पोरीनं बघितलं तरी!"

त्यानंतर आठच दिवसांनी गुरुपौर्णिमा होती.

आठवते ना ती गुरुपौर्णिमा? गुडघा दुखतो म्हणून सर पाय स्टुलावर ठेवून बसलेले. आपण सहा जण रांगेत. सहाही जण त्वचेचे डॉक्टर. मी वाकले, कपाळ टेकवलं, आणि सरांच्या डाव्या टाचेच्या कडेला तो डाग पाहिला. इतक्या जवळून पाहिला की चुकायचा प्रश्नच नव्हता.

मी उठले. सरांनी पेढा दिला. मी खाल्ला.

बोलले नाही. घाबरले होते, हे खरं. पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की मनात आलं, बघू देत की स्वतःच्या डोळ्यांनी. एवढे मोठे आहेत ना! हो, मनात आलं माझ्या. आणि बरं वाटलं.

बाहेर जिन्यात मी नितीनला विचारलं, "पाहिलंस?" नितीन, तू इथेच बसलायस. काय म्हणालास तू? "अगं, मी डोळे मिटून नमस्कार करतो."

आणि बाकीचे चार? तुम्ही पण मिटले होते?

दसऱ्याच्या आधी सर डोंबिवलीत बूट घ्यायला गेले. दुकानातल्या माणसाने मोजे काढायला लावले आणि म्हणाला, "काका, हे एखाद्या चांगल्या स्किनवाल्याला दाखवा." काकूंनीच मला हे सांगितलं. त्या माणसाला घाबरायचं काय कारण? त्याला सरांकडून सर्टिफिकेट घ्यायचं नव्हतं. तोवर कॅन्सर पसरून जांघेत गाठी आलेल्या. अडीच महिने आधी कळलं असतं तर सर वाचले असते का? मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. कुणी मला समजवायला येऊ नका.

शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये गेलेले. सरांनी विचारलं, "तू कधी पाहिलंस?"

"गुरुपौर्णिमेला."

"आकार?"

"चण्याच्या डाळीएवढा."

"कडा?"

"वेड्यावाकड्या. रंग दोन, सर. काळा आणि तपकिरी."

तोंडी परीक्षा चालली होती आमची. सर म्हणाले, "निदान बरोबर आहे." मग म्हणाले, "बोलली का नाहीस?"

मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतं, सर."

मरणाऱ्या माणसाला मी हे उत्तर दिलं. सर भिंतीकडे वळले. पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझं सर्टिफिकेट तेवढं आलं, सही केलेलं. सही थरथरलेली आहे, पण आहे.

काल मी काकूंकडे जाऊन हे सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, हाकलून देतील. काकू म्हणाल्या, "मला एकटीला सांगून मोकळी होऊ नकोस. उद्या सगळ्यांसमोर बोल." म्हणून बोलले. आज इथे सगळ्यांनी सुबक टाके घातले. कड कुणी तपासली नाही.

पुढच्या महिन्यापासून सरांच्या जागी मी शिकवणार आहे. परवा माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या मुलीने मध्येच काही विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, "न विचारता बोलू नकोस." जसंच्या तसं. ती गप्प झाली. लगेच गप्प झाली.

सर, तुम्ही क्रूर होता. आम्ही तुमच्याकडूनच शिकलो आणि चांगले शिकलो. माझा नमस्कार घ्या. हाराखालचा हा फोटो कमरेपर्यंतचाच आहे, पाय दिसत नाहीत. आपली सोय झाली.

आता दोन मिनिटं उभे राहू या. गप्प राहायची आपल्याला सवय आहे, अवघड जाणार नाही.

फक्त नितीन, या वेळी डोळे मिटू नकोस.