काचेला चिकटलेल्या आईच्या छायाचित्राबाबत

नाव: तक्रार अर्जात आहे. ओळखीचे लोक ‘दमट’ म्हणतात, कारण कुणाच्याही घरी गेलो की मी आधी भिंतीला हात लावून बघतो. वय ५२. व्यवसाय: कलात्मक छायाचित्रे छापणे. पत्ता: वडिलांच्या घरातील वरची खोली, सर्वांत कोरडी.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, माझ्या दिवंगत आईचे एक छायाचित्र मी स्वतः काढून स्वतः छापले आहे. कागद सुती लगद्याचा, आम्ल नसलेला, वर जिलेटिनचा थर. असा कागद आता बनत नाही. शंभर वर्षे टिकावे म्हणून ते मी खास डब्यात, डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली शर्टाच्या खिशात, असे ठेवले होते. ऊन नाही, धूळ नाही, पाहुण्यांची बोटे नाहीत. वडिलांना बघायचे झाल्यास हातमोजे घालून बघावे असे मी सांगितले होते. त्यांचा हात थरथरतो, मोजे चढत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

महिन्याची आर्द्रता तपासण्यासाठी आज सकाळी डबा उघडला असता आत वर्तमानपत्र होते. डबा हलका लागू नये म्हणून वडिलांनी ते ठेवले. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते हे त्यांना सांगून सांगून माझा घसा बसला आहे. किल्लीबाबत विचारता, माझे शर्ट तेच धुतात असे निष्पन्न झाले.

छायाचित्र वडिलांच्या टेबलावर काचेखाली सापडले. काचेवर ते चहाचा कप ठेवतात. चहा कडेने आत झिरपून वरचा थर काचेला चिकटला आहे. ओढल्यास चेहरा काचेवर राहील आणि कोरा कागद हातात येईल. मी आवाज चढवला. वडील म्हणाले, “तुझी आई दोन मिनिटं एका जागी बसायची नाही. तिला तू डब्यात घातलंस. मी बाहेर काढली, तर चोर झालो होय?” मग आम्ही दोघे एकाच गाडीने येथे आलो. भाडे वडिलांनी दिले.

हवालदारांनी मुद्देमालाचे वर्णन विचारले. मी कागदाचे वजन, पोत, चारी बाजूंचा समास आणि डब्यातली आर्द्रता सांगितली. चित्रात काय आहे असे विचारता ‘आई’ असे सांगितले. आई काय करते आहे, असे विचारता मला आठवले नाही. तेव्हा बाकावरून वडील म्हणाले, “हसतेय. तुटकी चप्पल हातात घेऊन दारात उभी आहे. लिहा तुम्ही.” मला फार वाईट वाटले.

मुद्देमाल जप्त करायचा तर टेबलासकट आणावा लागेल, असे हवालदार म्हणाले. मग टेबलाबरोबर मीही येतो, असे वडील म्हणाले. तरी जप्ती नको. काच आहे तशी राहू द्यावी. कप दुसरीकडे ठेवण्याबाबत वडिलांना समज द्यावी, एवढीच विनंती आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. चपलेचे वाक्य वडिलांचे आहे. ते खोडू नये.