रियोहेईचा दगड

आमच्या बेटाच्या धक्क्यावर शेवटच्या बोटीची वाट बघत तिघंच होतो. माझ्यासमोर तोकिए आजी आणि ओकायामाहून आलेला त्यांचा धाकटा मुलगा. इथली कबर उघडून, वडिलांच्या अस्थी त्यानं शहरातल्या देवळात न्यायला घेतल्या होत्या. कलश त्याच्या मांडीवर होता, आजींच्या पायाशी पिशवी.

“दादाचा दगड किनाऱ्यावर ठेवायला अख्खा दिवस लागतो, आई?”

“बसले रियोहेईशेजारी. ऑक्टोपसभात खाल्ला, संत्रं सोललं. ऊन छान होतं.”

“डबाभर भात एकटीनं?”

“अर्धा त्याच्यापुढे ठेवला होता. घारीनं नेला.”

“दादा समुद्रात गेला, सापडला नाही, म्हणून तुम्ही कबरीत त्याच्या जागी किनाऱ्यावरचा दगड ठेवलात. आता तो तिथंच बरा. ठरलंय ना आपलं?”

“ठरलंय.”

“मग पिशवी एवढी जड कशी?”

“ठेवला होता रे. चार पावलं गेले आणि मागे वळून बघितलं.”

“मग?”

“सगळे दगड सारखेच. आपला कुठला, ओळखूच येईना.”

“आई...”

“म्हणून आसपासचे सगळे उचलले. यातला एक तो असेलच.”