पिस्ता रंगाचा मामा

...नाही नाही, तुम्हीच सांगा, पिस्ता हा रंग आहे काय? पिस्ता खाची चीज आहे! बर्फीवर पाच दाणे असतात, खाल्ले, विषय संपला. माणसानं तो अंगात घालावा काय? अन् तोही मामानं? साधासुधा पाव्हणा नाही मी, नवरीचा सख्खा मामा, एकुलता एक! मंगलाष्टकं सुरू झाले का पोरीच्या मागं कोण उभं राहते? मामा. म्हणजे फोटोत नवरीच्या डोक्यावर कोणाचं थोबाड असते? माहं! तर दोन महिने झाले बाप्पा, एकच सवाल डोक्यात... मी घालू काय?

तुम्हाले सांगतो, तीस वर्षं झाले हिंगण्याच्या कंपनीत. निळा शर्ट, निळी पँट, खिशावर नंबर. कंपनी म्हणते घाल, घालतो, पगार देते न ती! पण लग्नातही युनिफॉर्म? ग्रुपवर एक रंगीत पान आलं. हळदीले पिवळं, ठीक आहे, हळद आहे. मेहंदीले हिरवं, तेही ठीक. संगीताले काळं. काळं! लग्नघरात! माही माय असती तर लाटणं घेऊन धावली असती. अन् लग्नाले मुलीकडचे पिस्ता, मुलाकडचे पीच. काहून? कोण कोणाकडचा हे नाकं पाहून समजत नाही काय लोकाईले?

हे डोकं रितिकाचं. रितिका म्हणजे इव्हेंटवाली, चोवीस-पंचवीसची पोट्टी, कानात तो फोन असा का जन्मताच लावून आली. तिले म्हटलं, मॅडम, माह्याकडं कपडा आहे. तर म्हणते, "अंकल, पेस्टल थीम है न, आप कुछ अलग पहनोगे तो पूरा फ्रेम बिगड़ जाएगा." फ्रेम! नवरीले, माह्या मयुरीले, खांद्यावर बसवून मी फुटाळा तलाव दाखवला, तेव्हा कुठं होती वं तुही फ्रेम?

तुम्ही म्हणाल, संजीवराव, एवढं काय त्यात, घालून टाका पिस्ता. घातला असता! पण कपाटात धोतर होतं न. माहे बाबा, ताराचंदजी, उमरेडचे विणकर. सारी जिंदगी हातमागावर. मी एकुलता एक पोरगा, मागावर बसलो नाही, कंपनीत पळालो, अन् माग बंद पडत आला. जाता जाता त्याईनं एक धोतर विणलं. पांढरं शुभ्र, काठ लाल रेशमाचा, करवतीच्या दातासारखी नक्षी, अन् एक दात वाकडा नाही, अन् डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू! घडी माह्या हातात दिली अन् म्हणे, "संजू, मयुरीच्या मागं उभा राहशील न, तेव्हा हे नेस. मी काही तोवर राहात नाही." नाही राहिले. चार वर्षं झाले. ते धोतर मी एक दिवस अंगाले लावलं नाही, नुसत्या डांबराच्या गोळ्या बदलत राहिलो. आता बोला, मी घालू काय?

ताईकडं गेलो. ताई म्हणजे नवरीची माय, बाबाची लाडकी लेक. ही तरी समजीन! ताईनं धोतर डोळ्याले लावलं, रडली, पदरानं नाक पुसलं अन् म्हणते, "मले समजते गा संजू. पण पोरगी ऐकत नाही न... तू असं कर, धोतर पिस्त्यात रंगवून आण." रंगवून!! बाबाचं धोतर!! मी चहा तसाच ठेवून उठलो. सख्ख्या बहिणीच्या घरून चहा न पिता!

घरी आलो तर बायको, "अहो, तुम्हाले नेसता तरी येते काय? गणपतीत साधं धोतर आरती होईपर्यंत सुटलं होतं." खोटं! आरती झाल्यावर सुटलं. अन् पोरगा, स्वानंद, मोबाइलातून मान वर न करता, "पप्पा, चिल. फ्रेम करून भिंतीवर लावू." आजोबाले भिंतीवर लावलंच आहे बे, आता धोतरालेही हार घालतं काय? मग मयुरीचाच फोन. "मामा... माह्यासाठी. प्लीज." झालं! भाशीनं प्लीज म्हटलं का मामाचं कायचं चालते?

कोराडी रोडवरचं लॉन. मे महिना, पंचेचाळीस डिग्री, अन् माह्या अंगात तो पिस्ता कुर्ता, कपडा असा का घाम आतच मुक्कामाले. पण धोतर मी पिशवीत नेलं होतं, कोणाले न सांगता. म्हटलं मंगलाष्टकं झाले का बदलतो, निदान जेवाले तरी नेसीन.

गोरजाचा मुहूर्त. मार्तंडगुरुजी म्हणतात, "अंतरपाट आणा." रितिका धावत आली, हातात... जाळी! नुसती जाळी! मधात मोत्यानं दोघाईचं नाव. धरून पाहते तर इकडून नवरी दिसते अन् तिकडून नवरदेव हात हलवून राहिला! गुरुजी म्हणे, "बाई, हा अंतरपाट आहे का मच्छरदाणी? एकमेकाले दिसू नये म्हणून असते तो! कोरं कापड आणा." रितिका म्हणते, "गुरुजी, फोटो में अच्छा आता है." गुरुजीनं अक्षता ताटात परत टाकल्या. "मग फोटोवाल्यालेच मंत्र म्हणू द्या."

अन् सुरू झाली शोधाशोध! सहाशे माणूस, एकापाशी सलग पांढरं कापड नाही! ओढण्या जाळीच्या. साड्या शिवलेल्या, चेनवाल्या. टेबलावरची कापडं, तर त्याईवर पनीरचा रस्सा. गुरुजीचं उपरणं मागतलं तर म्हणतात, "हे दिलं तर मी उघडा, माहाही फोटो येऊन राहिला." मुहूर्ताले चार मिनिटं. ताई रडाले आलेली. खरं सांगतो, मले पहिले बरंच वाटलं. घ्या म्हटलं, नेसवा आता तुमची थीम! पण मयुरीनं मागं वळून पाहिलं, काजळ गालावर आलेलं, अन् म्हणते, "मामा, आता?"

गेलो धावत. पिशवी आणली. चार वर्षांची घडी मोडली. गुरुजीनं मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दोघा पाव्हण्याईनं दोन टोकं धरली. मी मयुरीच्या मागं, अन् समोर बाबाचा काठ, एक दात वाकडा नाही. रडलो मी, लपवत नाही. कुर्त्याच्या बाहीनं नाक पुसलं, तर त्या कापडानं नाकही पुसल्या जात नाही!

टाळ्या झाल्या, बँड वाजला, मी घडी घालाले हात पुढं केला... तर धोतर मयुरीनं छातीशी धरलेलं. "मामा, आजोबाचं आहे न हे? मी सासरी नेऊ?" आता काय म्हणता? नको माय, मले जेवाले नेसाचं आहे, असं म्हणता काय? ने म्हटलं, तुह्यासाठीच विणलं होतं त्याईनं. अन् पिस्त्यातच जेवलो.

परवा फोटो आले. प्रत्येक फोटोत बाबाचं धोतर, मधोमध, झकास. खाली लिहिलं आहे, "हेरिटेज अंतरपाट, कल्पना : रितिका". कल्पना!! अन् मी? मागचा पडदा पिस्ता, माहा कुर्ता पिस्ता... नवरीच्या डोक्यावर हवेत नुसतं मुंडकं लटकून राहिलं!

अन् काल स्वानंद म्हणते, "पप्पा, डिसेंबरात माहं लग्न. थीम लव्हेंडर आहे. अन् पिस्ता रिपीट नाही चालत." धोतर गेलं सासरी, पिस्ता चालत नाही... मग मी घालू काय? कंपनीचा शर्ट दोरीवर वाळून राहिला होता, उन्हात नीट पाहिला. इतके वर्षं धुऊन धुऊन लव्हेंडरच झाला आहे तो. फक्त खिशावरचा नंबर तेवढा उसवा लागीन.