मटारशेजारचे उंदीर

…नाही नाही, हसू नका, तुम्हाला सांगते, आधी ऐकून घ्या आणि मग खुशाल हसा, कारण तुमच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी उंदीर नाही ठेवलेले, माझ्या ठेवलेत! गोठवलेले. एकेक वेगळा, पारदर्शक पिशवीत, शेपटी सरळ करून, डोळे मिटून. आणि ठेवले कोणी? आमच्या निशिकांतने. म्हणजे ज्या माणसाला शेजारच्या टेबलावर कोणी ऑम्लेट खाल्लं तरी मळमळतं, त्याने!

आता तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते, मी अलिबागची, सीकेपी, मासे बघत बघतच मोठी झाले, आणि हा पुण्याचा, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. लग्नानंतर फ्रीज आला त्याच दिवशी तह झाला. फ्रीजरचा वरचा कप्पा त्याचा, खालचा माझा. वर मटार, नारळाचा चव, मेथी. खाली माझे मासे, तेसुद्धा तीन पिशव्यांत, पिशव्या डब्यात, डब्याला घट्ट झाकण, आणि तरी हा बर्फ काढायला गेला की नाकाला रुमाल, "सवी, काहीतरी वास येतोय गं." दगडासारख्या गोठलेल्या माशाला कसला वास येतो हो? मुलगी ऋता कॉलेजात गेली, आम्ही या परक्या देशात पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी झालो, सेरंगूनला स्वतःचा फ्लॅट झाला, सगळं झालं, पण या माणसाने माझ्यासाठी एक बांगडा आणला नाही कधी. खा म्हटलं नाही, साफ कर म्हटलं नाही, नुसता आण. येताना. मार्केट वाटेत आहे! नाही म्हणजे नाही.

तर हे उंदीर एका सापाचं जेवण. घाबरू नका, साप घरात नाही. इथे घरात साप पाळायला बंदीच आहे, पण लोक चोरून पाळतात, पकडले जातात, आणि ते साप मग एका प्राण्यांच्या संस्थेत येतात. तिथे आमचे हे शनिवार-रविवारी सेवेला जातात. हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत हिशेब तपासून तपासून रक्तदाब वाढला, डॉक्टर म्हणाले काहीतरी छंद लावून घ्या. लोक हार्मोनियम शिकतात, कुंड्यांत कढीपत्ता लावतात… याने नागीण गाठली. बरं, नागीण नाही म्हणे, गार्टर स्नेक, बिनविषारी, हाताच्या बोटाएवढी जाड, हिरवट अंग, पिवळे पट्टे. नाव काया. इथे नाश्त्याला पावाला लावतात ना तो हिरवा गोड काया, त्यावरून तिथल्या पोरींनी ठेवलंय. आता एखादी बाई असती तर निदान जाऊन भांडले तरी असते, हिच्याशी काय भांडू, हिला कानच नाहीत!

तर संस्थेतला फ्रीजर भरला म्हणून हा उंदीर घरी घेऊन आला. मी म्हटलं, माझ्या कप्प्यात ठेव, मांसाहारी आहे. तर म्हणे, "छे, तिथे माशांचा वास लागेल त्यांना." ऐकलंत? माझ्या बांगड्याचा वास उंदरांना लागेल!

आणि ते विकत कसे घेतो ते बघायला हवं होतं तुम्ही. एकदा मी गेले सोबत. दुकानात एक लांबलचक फ्रीजर, त्यात उंदरांचे प्रकार. अगदी तान्ही गुलाबी पिल्लं, मग जरा लव आलेली, मग केसाळ, मग मोठे बाप्ये. आमचा निशिकांत त्यात कमरेपर्यंत वाकलेला. हो, तोच निशिकांत, ज्याला भेंडी आणायला पाठवलं तर टोक न मोडता जून भेंडी घेऊन येतो आणि वर म्हणतो भेंडी ती भेंडी! तो इथे एकेक पिशवी उजेडात धरतोय, पोट काळं पडलंय का बघतोय, आत बर्फाचे कण आहेत का बघतोय. मला म्हणे, "कण असले तर एकदा वितळून परत गोठवलेला असतो." अरे, मला सांगतोस? कोलंबी घेताना मी दुसरं काय बघते? मग आपली करंगळी लावून माप घेतो. मी विचारलं हे काय. तर म्हणे, "कायाच्या कमरेपेक्षा जाड नको, तिला त्रास होतो." सापाला कंबर! आणि माझ्या कमरेचं माप विचारा त्याला. मागच्या दिवाळीला कुर्ता आणला तो ऋताला सुद्धा होईना. दुकानातली आंटी कौतुकाने, इथल्या बोलीत म्हणाली, "अंकल व्हेरी पर्टिक्युलर, हॉर?" मी म्हटलं, हो बाई, फारच. माझ्यासाठी एक बांगडा आणला नाही कधी.

घरी येऊन मी आदळआपट केली, तर आमची ऋता मोबाईलमधून डोकंसुद्धा वर न काढता म्हणते, "आई, यू जेलस ऑफ अ स्नेक, इज इट?" मी म्हटलं, गप्प बस. जेलस म्हणे! …आहेच मुळी. का नसावं? तुम्हीच सांगा.

आणि कहर म्हणजे ती बया काही खाईना. एवढा पारखून आणलेला उंदीर, तोंड फिरवून बसायची. मी एका शनिवारी गेले बघायला, म्हटलं एवढं काय आहे तिच्यात. तर हा माणूस उंदराची पिशवी कोमट पाण्यात ठेवतोय, मग उंदीर मनगटाला लावून ऊब बघतोय, ऋताची दुधाची बाटली बघायचा ना तसाच, मग टिपून कोरडा करून चिमट्यात धरून तिच्यापुढे हळूहळू हलवतोय, आणि तोंडाने, "घे गं, एक घास घे, माझ्यासाठी घे." माझ्यासाठी! मला डेंग्यू झाला होता तेव्हा मोबाईल बघत बघत पेज पुढे केली होती, तीही गार. आणि इथे बाईसाहेबांनी जीभ काढून दाखवली आणि गेल्या दगडाखाली. हा घरी आला, जेवला नाही. वरण-भातावर तूप तसंच थिजलं. मला दया यायला हवी होती, पण खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं आता कळेल, आपण मागायचं आणि समोरच्याने तोंड फिरवायचं म्हणजे काय असतं ते.

आणि मग पुढच्या रविवारी सकाळी दार वाजलं. उघडते तर निशिकांत. नाकाला रुमाल, आणि दुसरा हात लांब धरलेला, दोन बोटांत पिशवी, पिशवीतून पाणी ठिबकतंय. आत बांगडे! ताजे, कल्ले लाल, डोळे चकचकीत, पाठीवरचे पट्टे असे की आत्ता उडी मारतील. म्हणे, "दाबून बघितले गं, तू दाबतेस तसे." अहो, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी तशीच आत धावले, भात टाकला, कोकमाच्या आगळाची बाटली काढली, तिरफळं शोधली… आणि मागून आवाज येतो, "सवी, एक तुकडा मला काढून दे ना. उंदराला चोळायचाय."

उंदराला!

म्हणजे झालं असं होतं की तिच्या आधीच्या मालकाने तिला माशांवर वाढवली होती. नुसत्या माशांवर तिची तब्येत टिकत नाही म्हणे, उंदीरच हवा, म्हणून उंदराला माशाचा वास लावायचा आणि फसवायचं. माझ्याच ओट्यावर, माझ्याच पाटावर, या शुद्ध शाकाहारी माणसाने रुमाल बाजूला ठेवून उघड्या हाताने उंदराला बांगडा चोळला आणि डबा घेऊन पळाला. दुपारी फोटो आला. तिच्या तोंडातून शेपटी लोंबतेय आणि खाली लिहिलंय, जेवली. मागोमाग फोन, "उरलेले तू खा हं." उरलेले! मी चिडून गॅस बंद केला. मग परत लावला. बांगडे होते हो, त्यांचा काय दोष. तळले, आणि काय सांगू तुम्हाला… या माणसाला बांगड्याची पारख आहे. एवढी वर्षं लपवून ठेवली होती.

तेव्हापासून दर रविवारी बांगडे येतात. माझ्यासाठी नाही, पण येतात. आधी तिचा तुकडा, मग माझं ताट. आता मात्र हा खुशीत सांगत असतो, "वास हळूहळू कमी करायचा असतो. एकदा तिला नुसत्या उंदराची सवय झाली की मासा बंद!" मी हो हो म्हणते, कौतुक करते. आणि तो अंघोळीला गेला की, कोणाला सांगू नका, मी त्याचा तो उंदीर डब्यातून बाहेर काढते आणि त्याला चांगला खसाखसा बांगडा चोळून ठेवते.